रुईची सीट

मामाच्या गाडीत पुढे डाव्या बाजूला जी सीट होती, तिच्यावर बसून माझ्या वडिलांना अकोल्याला जायचं नव्हतं. हे त्यांनी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, गाडीतून उतरल्या उतरल्या, अंगणातच सांगितलं. एक हात गाडीच्या टपावर होता, एक आईच्या खांद्यावर.

"मी आता नाई जात," ते म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. मामा गाडीच्या काचा वर करत होता, त्याचा हात तसाच थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं, कारण डॉक्टरांशी बोलणारी मी होते आणि आता बाबांशीही मीच बोलावं असं तिला वाटत असणार. मी त्यांच्या चपला उचलून ओट्यावर ठेवल्या.

बाबांना रक्ताचा असा आजार झाला होता जो हाडं आतून पोखरतो. कमरेचे मणके आधीच चेपले होते. दर शुक्रवारी अकोल्याच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला समोरच्या खुर्चीवर बसवून सांगितलं होतं की औषध लागू पडेल, पण ते सलग गेलं पाहिजे. एकही शुक्रवार चुकवायचा नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असं महत्त्वाचं काही सांगायचं झालं की लोक माझ्याकडे बघून सांगत, आणि मी मान हलवत असे. प्रत्येक शब्द समजलाय की नाही, याची खात्री मला नसे.

मी अमरावतीला शिकत होते. गुरुवारी संध्याकाळी परतवाड्यावरून येणारी बस धरून अंजनगावला यायचं, शुक्रवारी अकोला, शनिवारी परत होस्टेल. एसटीत बाबांना बसवणं शक्य नव्हतं, ते आम्ही एकदा करून पाहिलं होतं. म्हणून मामाची गाडी. मामाचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, ते तो शुक्रवारी बंद ठेवायचा. गाडी छोटी, शहरातल्या गल्लीबोळात फिरवायला बनवलेली, कितव्या हाताची ते त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. पुढची सीट मध्ये खचलेली होती. खालचा लोखंडी गज नेमका बाबांच्या माकडहाडाशी यायचा. अंजनगावहून अकोटला आणि अकोटहून अकोल्याला जाणारा रस्ता काळ्या मातीवरून जातो. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. धडधाकट माणसालाही त्याचा त्रास व्हायचा. बाबा दर लाटेला दरवाज्यावरचं हँडल धरून स्वतःला सीटवरून किंचित उचलून घ्यायचे. अकोला येईपर्यंत त्यांची बोटं पांढरी पडलेली असायची.

आम्ही उशी ठेवून पाहिली. घडी घातलेली वाकळ ठेवून पाहिली. दवाखान्यातून मिळालेली हवेची गोल गादी ठेवली, तर तिच्यावर ते डोलायला लागले.

त्या रात्री जेवताना मी घाबरत घाबरत विचारलं, की काय केलं तर तुम्ही याल. बाबा बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले.

"बसाले जागा कर बाई," ते म्हणाले. "मंग येतो."

म्हणून मी सीट शोधायला लागले. गाडीची सीट कुठे मिळते हेही मला माहीत नव्हतं. सोमवारी तास संपल्यावर मी अमरावतीत सीट कव्हरच्या दुकानांच्या रांगेत फिरले. पहिल्या दोन दुकानांत त्यांनी मला रंग विचारला. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर माणूस शिलाई मशीनवर बसला होता. मी त्याला आजारी माणूस आहे, गज लागतो, रस्ता खराब आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. त्याने मशीन थांबवून ऐकून घेतलं.

"ताई, आमी सीटले कपडे घालतो," तो म्हणाला. "आतल्या हाडाचं आमच्याकडे काही नाई."

मग त्यानेच सांगितलं की अकोल्याला भंगारात जा, मोठ्या गाडीची सीट घ्या आणि खालच्या पट्ट्या वेल्डिंग करून बसवा. मामाला फोन केला तर तो लगेच म्हणाला, पट्ट्या मी करतो, तू फक्त सीट पसंत कर.

पुढच्या शुक्रवारी बाबा आले ते त्या आशेवरच. दवाखान्याच्या आधी आम्ही चौघं भंगाराच्या बाजारात गेलो. हायवेपासून आत, टिनाच्या शेडखाली दरवाजे एकीकडे, बोनेट एकीकडे, आणि एका कोपऱ्यात सीटा ओळीने मांडलेल्या, सभा संपून माणसं उठून गेल्यासारख्या. मालक मात्र त्या सगळ्या सीटा सोडून प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता.

बाबांना खाली वाकता येत नव्हतं. मामाने दोन टायर एकावर एक ठेवले आणि आम्ही एकेक सीट त्या टायरांवर ठेवत गेलो. बाबा बसायचे, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळाने नुसती नकारार्थी मान हलवायचे. एक फार मऊ होती. एकीची पाठ पुढे आलेली होती. मालकाला गंमत वाटू लागली होती. त्याने विचारलं, काका सोयरीक जमवून राहिले का सीट पाहून राहिले. बाबा डोळे न उघडता म्हणाले, सोयरीक एवढी पाहून केली असती तर असे साळे कायले भेटले असते. मामा हसला. आजारपणानंतर बाबांना थट्टा करताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग एक राखाडी सीट आली. बाबा तिच्यावर बसले, मागे टेकले, आणि त्यांच्या दोन भुवयांमध्ये जी आठी महिनोन्‌महिने होती ती गेली. मी ती जाताना पाहिली. त्यांनी हात मांडीवर मोकळे टाकले.

"हे," ते म्हणाले.

मामा सीटच्या खालच्या पट्ट्या बघायला वाकला. बाजूचं कापड एका जागी कात्रीने कापून काढलेलं होतं. त्याने मालकाला विचारलं, ही अपघाताची का.

"भाऊ, चांगली गाडी इथं काय कराले येईन?" मालक म्हणाला.

"मानूस?"

मालकाने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीतरी वेळा वाटलं. पण तो म्हणाला, त्या बाजूचा नाही वाचला म्हणतात.

मामाने सीटवरचा हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

बाबा बसूनच होते. "मंग काय झालं?" ते म्हणाले. "त्याले आता नाई लागत."

"गाडी माही हाय भाऊजी. माह्ये लेकरं बसतात तिच्यात."

"आपल्यात असं काही मानत नाईत साळेबुवा."

"मानत नाईच," मामा म्हणाला. "पन गाडीत बी नाई बसवत."

माझ्या दोन्ही आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत शकुन-अपशकुनाला जागा नाही. मामा स्वतः विहारातल्या कार्यक्रमात या गोष्टीवर बोलायचा, आणि चांगलं बोलायचा. म्हणून मी हळूच म्हटलं, की मामा, हा नुसता फोम आणि लोखंड आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गाडीकडे जाऊन उभा राहिला, पाठ करून. तेव्हा मला आठवलं. आईला अजून एक भाऊ होता, सगळ्यांत धाकटा. तो याच अकोटच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, आणि त्याला उचलून आणायला मामाच गेला होता. त्या दिवसाबद्दल मामा कधी बोलत नसे. आईने पदर तोंडाशी धरला होता.

बाबांनाही ते आठवलं असावं. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. उठताना आठी परत आली.

त्या दिवशी इंजेक्शन झालं. येताना अकोट मागे पडलं. मग बाबाच म्हणाले, "रुई भरू."

बाबांनी सगळं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये काढलं होतं. सरकी निघून मोकळी झालेली रुई प्रेसमध्ये घालून तिच्या गठाणी बांधायच्या, हे त्यांचं काम. फोम त्यांना कधीच पटला नाही. फोम म्हणजे गरम, फोम म्हणजे खोटं. घरात लग्न असो की बाळंतपण, गादी रुईची, आणि ती बाबांनी स्वतः निवडलेल्या रुईची. आता त्यांना वाटलं, गाडीचंही तसंच करावं. डॉक्टर म्हणाले होते की पाठीला घट्ट आधार हवा. मी ते परत एकदा सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, घट्ट भरली की घट्टच असते. मामा तर एवढा शरमला होता की बाबांनी गाडीत दगड भर म्हटलं असतं तरी त्याने भरले असते.

पुढचे चारपाच दिवस घरात काम निघालं, आणि आजाराशिवाय दुसरं बोलणं निघालं. मी होस्टेलवर होते, आई फोनवर सांगायची. मामाने जुना फोम काढून टाकला आणि सीटच्या चौकटीवर खाटेला विणतात तशी नवार विणली. बाबा त्याच्या दुकानात बाकावर आडवे होऊन नवार कुठे ढिली, कुठे ताठ, ते सांगत राहिले. जिनिंगच्या फोरमनने रुई दिली. बाबांनी तिचा झुपका दोन्ही चिमटीत धरून ओढून पाहिला, धागा किती लांब निघतो ते, आणि पहिली परत पाठवली. दुसरी ठेवली. गादीवाल्याने ती पिंजून दिली, आईने पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ शिवली. गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारची काकू आत डोकावून म्हणाली, "काय व माय, गाडीत बाज टाकली का?"

बाबांना हे फार आवडलं. त्या शुक्रवारी दवाखान्यात त्यांनी ते नर्सला सांगितलं, शेजारच्या पलंगावरच्या माणसालाही सांगितलं. तो माणूस वरूडकडचा होता, संत्र्याच्या बागेत काम करणारा. तोही असाच कुठल्याशा गाडीत आदळत येत असे. बाबांनी त्याला नवार कशी विणायची ते हाताने हवेत दाखवलं, सलाईन लावलेल्या हाताने.

आणि जाताना बाबा झोपले होते. अंजनगाव सोडल्यावर त्यांनी डोळे मिटले ते अकोटच्या बाजारात हॉर्न वाजायला लागले तेव्हा उघडले. आईने मागच्या सीटवर माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, झालं. सुटलं हे.

मार्च गेला, एप्रिल गेला. रक्तातले आजाराचे आकडे खाली येत होते. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मी अमरावतीत अभ्यासाला बसू लागले.

पण रुई दबते. हे बाबांइतकं कोणाला माहीत असणार? मी एकदा तसं बोलले, तर ते म्हणाले, "दबते ना. पन पिंजली का उठते." आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात गाद्या उसवून पिंजून घेतात, त्या परत फुगतात, तसंच हे. फरक एवढाच होता की घरातली गादी वर्षभर जाते. ही गाडीत होती, त्या रस्त्यावर. महिनाभरातच बाबांनी खालचा गज लागतो म्हणून सांगितलं. आईने खोळ उसवली, रुई गच्चीवर उन्हात पसरली, गादीवाल्याने पिंजली, आईने परत शिवली. नंतर तीन आठवड्यांत. नंतर पंधरा दिवसांत. दर वेळी पिंजताना धागा तुटायचा, गर्दा निघायचा, आणि रुईतली उभारी कमी व्हायची. नवी रुई मिसळावी तर जिनिंगचा हंगाम संपलेला. गादीवाला म्हणाला, ही आता रुई नाही राहिली, नुसती कुटी आहे, चुरा. बाबांनी त्याला दुकान बदलायची धमकी दिली.

मला आठवतं, मे महिन्यात एका गुरुवारी मी घरी आले तर आई दिव्याखाली सीट शिवत होती. मोठी सुई, जाड दोरा. तिच्या अंगठ्याला चीर पडली होती. मी म्हटलं, आई, आपण फोम भरू, बाबांना सांगू नको. ती म्हणाली, "त्याईले समजते. बसल्याबरोबर समजते." थोड्या वेळाने म्हणाली की, हे एक त्यांच्या हातातलं आहे, ते राहू दे.

मग पाऊस सुरू झाला आणि गच्चीवर वाळवणं संपलं. रुई दमट झाली. सीट जड, थंड, आणि गठाणीसारखी टणक झाली. आषाढातल्या एका शुक्रवारी अकोटच्या पुढे पाण्याने भरलेला खड्डा मामाला दिसला नाही. गाडी आत गेली आणि बाहेर आली, एवढंच. बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. मामाने गाडी थांबवली. बाबा म्हणाले, चाल. दवाखान्यात कमरेचा फोटो काढला. अजून एक मणका चेपला होता. डॉक्टरांनी मला तो दाखवला. बोट ठेवून, हा पहिला, हा दुसरा, आणि हा आताचा. म्हणाले, औषध मात्र सोडू नका. आकडे चांगले आहेत. कमरेला पट्टा बांधा आणि चांगल्या गाडीतून आणा.

मी मान हलवली.

घरी आल्यावर दोन दिवस बाबा पडूनच होते. रविवारी त्यांनी आईला जवळ बोलावलं आणि सीटमधली रुई काढायला सांगितली. आईला वाटलं, पिंजायची असेल. ती म्हणाली, वाळाले ऊन कुठं हाय.

"पिंजाची नाई," बाबा म्हणाले. "चुलीजवळ सुकव. अन माह्या अंथरुनात घाल. इथं लागते."

आई उभी होती तशीच उभी राहिली. मी त्या आठवड्यात अमरावतीला गेले नव्हते, दारातच होते. ते काय सांगत होते हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. आई कात्री घेऊन गाडीत जाऊन बसली आणि तिने खोळीचा एकेक टाका उसवला. संध्याकाळी मामा गाडी न्यायला आला, तेव्हा पुढच्या जागी नुसती नवार होती. त्याने ती पाहिली. घरात आला नाही. गाडी घेऊन गेला.

सोमवारी मामीचा फोन आला की मामा दुकान बंद करून सकाळीच कुठे गेले, तुमच्याकडे आहेत का. नव्हते. तो अकोल्याला गेला होता. एवढ्या महिन्यांनंतरही ती राखाडी सीट तिथे होती. मामाने ती आणली, धुतली, फिनाइलने पुसली, आणि लगेच गाडीत न बसवता दोन दिवस दुकानात ठेवली. मामी म्हणाली, तिच्यावर बसून पंप खोलत होते. आधी टोकावर बसले, मग टेकून बसले. गुरुवारी त्याने पट्ट्या वेल्ड करून ती गाडीत बसवली.

शुक्रवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला दारात आला. पाऊस उघडलेला होता. त्याने गाडीचं दार उघडून धरलं आणि बाबांना म्हणाला, "भाऊजी, एकडाव बसून पाहा."

बाबा अंथरुणावरून गाडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. मामाने आणि मी त्यांना उचललं. ते किती हलके झाले होते ते मला तेव्हा कळलं. आम्ही त्यांना सीटवर ठेवलं. त्यांनी पाठ टेकली, डोळे मिटले. आठी गेली. पहिल्या वेळेसारखीच गेली. मामा दाराला धरून उभा होता, शाळेतला मुलगा निकाल ऐकायला उभा राहतो तसा.

"चाल," बाबा म्हणाले.

आई घाईघाईने पाण्याची बाटली घेऊन आली. मी दवाखान्याची पिशवी घेतली. मला हे लिहितानाही नीट सांगता येत नाही, पण त्या दोन मिनिटांत आम्ही तिघंही इतके खूश होतो की चपला घालायचंही भान नव्हतं. मी अनवाणीच मागे बसले.

गावाबाहेर रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेलं की अकोट, डावीकडे जिनिंग. तिथे आल्यावर बाबा म्हणाले, "जिनिंगकडे घे."

मामाने घेतलं. हंगाम नसल्याने फाटक बंद होतं. चौकीदार ओळखीचा, त्याने उघडलं, बाबांना नमस्कार केला. आवारात गुडघाभर गवत वाढलं होतं. शेडच्या टिनावरून पाणी ठिबकत होतं आणि ओल्या सरकीचा तो तेलकट वास अजून होता. बाबांनी काच खाली करायला लावली. ते प्रेसच्या शेडकडे पाहत होते. चौकीदाराने चहा करू का विचारलं, बाबा म्हणाले, आज नको.

निघताना त्यांनी सीटच्या कडेवरून हात फिरवला, जिथे कापड कापलेलं होतं आणि मामाने नवं ठिगळ लावलं होतं तिथून.

"चांगली हाय," ते मामाला म्हणाले. "आता लेकराईले बसव हिच्यावर. काही होत नाई."

मग मान न वळवता मला म्हणाले, "बाई, तू उद्या अमरावतीले जाय. तुही परीक्षा हाय."

मामाने गाडी वळवून परत फाट्यावर आणली. तिथे तो थांबला. त्याने अकोटच्या बाजूचा इंडिकेटर लावला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मागून एक ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून बाजूने निघून गेला. गाडीत इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आईने पदराखाली पाण्याची बाटली धरली होती. बाबा टेकून बसले होते, आरामात, डोळे उघडे ठेवून, समोरच्या काचेकडे बघत.

बऱ्याच वेळाने त्यांनी मांडीवरचा हात थोडा उचलला आणि घराच्या दिशेने हलवला.

मामाने इंडिकेटर बंद केला आणि गाडी गावाकडे घेतली.